आरोळ्या आधी

कार्टूनमधला तो नऊ वर्षांचा खट्याळ पोरगा प्रत्यक्षात सत्तरीचा, गुडघे दुखणारा अमेरिकन आहे, हे मला द हेगमधल्या रेकॉर्डिंग स्टुडिओत नोकरीला लागल्यावर कळलं. इथे सगळे त्यांना नावाने हाक मारत. मी मनातल्या मनात काकाच म्हणायचे. डच बायकोमुळे ते इथे स्थायिक झाले होते आणि वर्षानुवर्षं आमच्या काचेच्या खोलीतून त्या पोराचा आवाज अमेरिकेला पाठवत होते. माईकसमोर उभे राहिले की गुडघेदुखी कुठल्या कुठे पळायची.

मग मालिकेच्या कंपनीने कळवलं, की काकांचा आवाज आता थकल्यासारखा वाटतो; नव्या भागांसाठी चाचणी होईल. पाच आवाज, फाइलींवर नावं नाहीत, फक्त क्रमांक. स्वतःच घडवलेल्या पोरासाठी काकांनी रांगेत उभं राहायचं! माझं डोकंच फिरलं. काका एवढंच म्हणाले, "हा पोरगा गेला, तर सकाळी उठून काय करायचं तेच मला माहीत नाही."

बाकीचे चौघे आपापल्या गावाहून रेकॉर्डिंग पाठवणार होते. काकांचं माझ्याकडे आलं. मी पुण्यात आयटीत टेस्टिंग केलेली, आवाजाचं काम इथे नव्याने शिकलेली. कामाला चोख, पण जरा अतिशहाणी. रायस्वाइकच्या माझ्या घरून येताना ट्राममध्ये मी संवादांची पानं गोष्टीच्या क्रमाने लावून टाकली. आधी पोरगा पावसात हरवलेल्या कुत्र्याला हाका मारत फिरतो, मग घरी येऊन आईला सांगतो, की तो सापडला नाही.

काकांनी पानं पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि सुरुवात केली. वीस मिनिटं ते जिवाच्या आकांताने ओरडत होते. तेवढ्यात माझा डच सीनियर आत डोकावला आणि हताश होऊन म्हणाला, "आरोळ्या नेहमी सगळ्यात शेवटी घेतात! आता बोलायला गळा कुठून आणणार?"

फाइल त्याच दिवशी जायची होती. मी रडवेली होऊन विचारलं, "थोडं थांबूया का?" काकांनी नकारार्थी मान हलवली आणि ते पोराच्या आवाजात आईशी बोलायला लागले. आवाज फाटलेला, जेमतेम उमटणारा. पुढचा आठवडा मला अन्न गोड लागलं नाही.

आठवड्याने मालिकेच्या दिग्दर्शिकेने पाचही स्टुडिओंना एकत्र व्हिडिओ कॉल केला. "क्रमांक तीन," ती म्हणाली. "बाकीच्यांची पोरं तासभर ओरडून घरी आली आणि गळे कसे स्वच्छ! हा एकटाच खरंच कुत्रा शोधून आलाय. कोण आहे हे मूल?"

मी काकांचं नाव सांगितल्यावर तिने ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. मी मात्र आनंदाने अशी किंचाळले, की सीनियर धावत आला.

काकांना बातमी दिली, आणि लगेच कबुलीही: पानांचा घोळ माझाच होता.

"ते पानं पाहताच कळलं होतं," काका हसत म्हणाले. "चाळीस वर्षं मी गळा जपत आलो. त्या दिवशी म्हटलं, कुत्रा हरवलेला पोरगा गळा कशाला जपेल?"