आजींनी कधीच न ऐकलेलं इंजिन

स्टुटगार्टमधलं आमचं घर चढावर आहे. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहतात, वर आम्ही तिघं. त्यांचं वय ऐंशीच्या घरात. आमची मुलगी त्यांना ओमा म्हणते, म्हणजे आजी. मग आम्हीही त्यांना आजीच म्हणायला लागलो. तान्हं मूल घेऊन आम्ही घर शोधत फिरत होतो, तेव्हा बाळ रडेल म्हणून लोक गोड शब्दांत नाही म्हणत होते. आजींनी मुलीला माझ्या कडेवरून घेतलं, खिडकीपाशी नेलं आणि म्हणाल्या, "रडू दे की. घरात कुणाचा तरी आवाज हवा." तेव्हापासून मी त्यांची ऋणी आहे. पण सांगायचं आहे ते वेगळंच.

मी इंजिनांवर काम करायचे. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला गाडीचं बॉनेट उघडायचा कंटाळा, आणि मला मात्र पुण्यात कॉलेजात असल्यापासून इंजिनांचं वेड. इथे आमच्या टीमने काही वर्षं खपून एक नवं पेट्रोल इंजिन तयार केलं होतं. एका सकाळी मीटिंगमध्ये सांगितलं गेलं की हे काम थांबवतोय, आता सगळं विजेवर. चूक कुणाचीच नव्हती. दुपारपर्यंत टेस्ट बेंचवरचं इंजिन बंद करून ते खोलायलाही घेतलं.

त्या शनिवारी जिना पुसायची पाळी माझी होती. पुसता पुसता मला रडू आलं. आजींनी दार उघडलं, माझ्या हातातली बादली बाजूला ठेवली आणि मला आत नेऊन बसवलं.

"नोकरी गेली?"

"नाही. दुसरं काम देणार आहेत. इंजिन बंद केलं."

"चालत होतं?"

"छान चालत होतं."

त्यांनी कॉफी ओतली. कप माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "माझंही असंच बंद केलं होतं."

आजी कधीकाळी नोकरी करत होत्या एवढंच मला माहीत होतं. त्या दिवशी कळलं की लग्न झाल्या झाल्या त्या नवऱ्याबरोबर डेट्रॉइटला गेल्या होत्या. साठच्या दशकाची अखेर. अमेरिकेत तेव्हा दणकट, राक्षसी ताकदीच्या गाड्यांचं खूळ होतं आणि प्रत्येक कंपनी दुसरीच्या वरताण इंजिन काढायला बघत होती. आजी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये इंजिनांच्या भागांचे नकाशे काढायच्या. तिथे एका प्रायोगिक, आठ सिलिंडरच्या व्ही-एट इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, आखायला त्यांच्या बोर्डवर आलं. नेहमीच्या इंजिनांत झडपा उघडणारा दांडा, कॅमशाफ्ट, खाली मधोमध असायचा. यात तो उचलून वर, दोन्ही बाजूंच्या हेडवर बसवला होता. मोजकीच इंजिनं बनली. मग प्रदूषणाचे नियम आले, विम्याचे हप्ते वाढले, आणि वरून हुकूम आला की सगळी मोडीत काढा.

"आवाज कसा होता त्याचा?" मी विचारलं.

"मला काय माहीत? टेस्टिंगची इमारत वेगळी होती. आम्हा बायकांना तिथे सोडत नसत. कधी कधी खिडकीच्या काचा थरथरायच्या. आपलंच असेल, असं आम्ही म्हणायचो."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी तर माझ्या इंजिनाच्या शेजारी बसून डबा खाल्ला होता.

उन्हाळ्यात गावाबाहेरच्या एका पार्किंगमध्ये जुन्या अमेरिकन गाड्यांचा मेळा भरतो. एरवी नवऱ्याने काढता पाय घेतला असता, पण या वेळी तोच म्हणाला, "चल, आजींचं ते इंजिन कुठे उरलंय का, विचारून तर बघू." आम्ही गाडीगाडीपाशी जाऊन विचारत होतो. एका हिरव्या गाडीच्या मालकाने सांगितलं, की इथून जवळच्या अल्बच्या डोंगरात एक निवृत्त सुतार आहे, त्याच्याकडे असं एक इंजिन आहे जे कुठल्याच गाडीत कधी बसलं नाही. सुताराला फोन केला. वर्णन जुळत होतं. अमेरिकेतल्या कुणाच्या तरी गोदामात पडून राहिलेलं इंजिन त्याने खोक्यात घालून आणवलं होतं आणि सवडीने जोडत आणलं होतं.

मी धावत खाली गेले. आजी म्हणाल्या, "नको. ते भंगारात गेलं, असं मी केव्हाचंच धरून चाललेय."

मी पुन्हा विषय काढला नाही. पुढच्या आठवड्यात त्या कोट घालूनच वर आल्या. "बरं तर, किती लांब आहे ते?"

आम्ही सगळे पोचलो तेव्हा सुताराने धुतलेला शर्ट घातला होता आणि तो आमच्यापेक्षा जास्त गांगरला होता. त्याच्या वर्कशॉपमध्ये इंजिन लोखंडी घोडीवर बसवलेलं होतं. आजींनी चष्मा बदलला, हेडवर हात ठेवला आणि एका वळणावरून बोट फिरवलं.

"हे सरळ का नाही, असं मला नेहमी वाटायचं," सुतार म्हणाला.

"सरळ काढलं की पाना आत जात नव्हता. फार वेळा खोडलंय मी हे."

सुताराने कानांवर लावायला इअरमफ दिले. आजींनी ते माझ्या मुलीच्या कानांवर चढवले. पहिल्यांदा इंजिन खोकून बंद पडलं. पेट्रोलचा वास पसरला, सुताराचे कान लाल झाले. त्याने काहीतरी पिळलं, पुन्हा बटण दाबलं, आणि ते सुरू झालं. फळीवरचे कप वाजायला लागले. तो आवाज कानांपेक्षा बरगड्यांत जास्त जाणवत होता. आजी खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. सुताराने वेग वाढवला, कमी केला. त्यांनी हातानेच खूण केली, अजून.

इंजिन बंद झाल्यावर आजी पुन्हा खुर्चीवर बसल्या. मग त्या म्हणाल्या, "जाड आहे आवाज. मला वाटायचं, बारीक असेल."

परत येताना गाडीत त्यांनी मला विचारलं, "तुझं इंजिन तू रोज ऐकत होतीस ना?"

"हो."

"मग बरं झालं."

त्या तीन शब्दांनी माझ्या मनावरचं ओझं उतरलं. आता मी विजेच्या मोटारी थंड ठेवायच्या कामावर आहे आणि ते मला वाटलं होतं त्याहून बरंच आवडतं.

नवऱ्याने वर्कशॉपमध्ये मोबाइलवर आवाज टिपून ठेवला होता. डेट्रॉइटच्या ऑफिसात आजींच्या शेजारच्या बोर्डवर बसणारी मैत्रीण अजून तिकडेच असते. दर नाताळला दोघींची शुभेच्छापत्रं येतात-जातात, तेवढाच संबंध. नंबर मिळवून आम्ही व्हिडिओ कॉल लावून दिला. दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून आधी नुसत्या हसल्या. मग आजींनी माझ्या नवऱ्याचा फोन कॅमेऱ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "ऐक. हे आपलं."

तिकडच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. मी आजींच्या खुर्चीमागे उभी होते. मला तिथे उभं राहायला मिळालं, याबद्दल मी कुणाकुणाचे आभार मानू, हे मला अजून उमगलेलं नाही.