अक्षर करडं होईपर्यंत

कुठलंही काम पुढ्यात आलं की मिस्त्री आधी उजव्या हाताचा अंगठा दोन बोटांवर घासायचे, लोखंडाचा कीस चिकटलाय का ते बघावं तसे. मग म्हणायचे, "बघू. हात बसू दे आधी." काम हळद पॉलिश करायच्या ढोलाचं असो, वजनकाट्याचं असो, नाहीतर कॉम्प्युटरच्या खेळातल्या तलवारीचं असो, उत्तर हेच.

या माणसाने मला सहा महिने थांबवलं. सांगलीच्या मार्केट यार्डात मी हमाल म्हणून पोती वाहिली, आज तिथेच माझं हळदीचं दुकान आहे, आणि मला सहा मिनिटं थांबवलेलं खपत नाही हे सगळा यार्ड जाणतो. तेव्हा पुढे जे वाचाल ते तक्रार म्हणूनच वाचा.

मिस्त्रींचं वर्कशॉप यार्डाच्या मागच्या गल्लीत होतं. एक लेथ, एक वेल्डिंगचं मशीन आणि कोपऱ्यात मुलीने लग्न होऊन साताऱ्याला जाताना मागे ठेवलेला जुना कॉम्प्युटर. कीबोर्डला तेलकट हात लागू नयेत म्हणून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी ताणून बांधलेली. एकदा मी ढोलाचा दांडा दाखवायला गेलो, तर पडद्यावर एक दाढीवाला लोहार ऐरणीवर घण घालत होता आणि समोर पांढऱ्या केसांचे मिस्त्री कपाळावर चष्मा चढवून बसले होते.

"हे काय चाललंय?"

"खिळं करतोय."

"कुणाचे?"

"कुणाचं न्हाईत. हातासाठी करतोय."

मी पोट धरून हसलो. महिन्याभरात मीही त्याच खेळात होतो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक मोठा मुलूख आहे, त्यात देशभरातली माणसं एकाच वेळी हिंडतात, राक्षस मारतात, खाणी खणतात. प्रत्येकाला एखादा धंदा शिकता येतो. लोहारकाम, चामडेकाम, शिवण, औषधं. मला मारामारी जमली नाही, पण तिथे बाजार आहे म्हटल्यावर मी रमलो. सणाच्या आधी चामडं स्वस्तात उचलायचं आणि सणात विकायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. मिस्त्रींनी लोहारकाम घेतलं. दुसरं काय घेणार?

त्या लोहारकामाची गंमत अशी की तुमच्या हाताचा एक आकडा असतो आणि काम करत जाल तसा तो चढतो. पण कुठल्याही कामाने चढत नाही. शिकलेल्या प्रत्येक वस्तूचं नाव यादीत रंगीत अक्षरात दिसतं. नारिंगी असेल तर काम तुमच्या हातापेक्षा अवघड. केलंत तर आकडा नक्की वाढणार, पण वस्तू बिघडून माल जळून जायची भीतीही तिथेच सगळ्यात जास्त. आकडा चढला की तेच अक्षर पिवळं होतं, मग हिरवं, आणि शेवटी करडं. करड्या कामात शिकायला काही उरत नाही, पण ते बिघडतही नाही.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की हुशार लोहार काय करतील. गिऱ्हाइकाकडून माल घ्यायचा आणि नारिंगी काम करायचं. साधलं तर मजुरी, बिघडलं तर माल गिऱ्हाइकाचा आणि वाढलेला आकडा आपला. सगळे तेच करत होते. मिस्त्री एकटेच असे की अक्षर करडं झाल्याशिवाय दुसऱ्याच्या मालाला हात लावायचे नाहीत. शिकायचं ते स्वतः खणलेल्या लोखंडावर. ते खणायला जीव मुठीत धरून दूरच्या गुहांत जायचे आणि लढता येत नसल्याने मरायचे. गुहेच्या तोंडाशी कुदळीसकट आडवे पडलेले मिस्त्री मी कितीदा पाहिलेत. पुन्हा जिवंत होऊन तिकडेच निघायचे. वर मला सांगायचे, "ह्या येळला दोन ढेकळं जास्त घावली."

सात महिने बाजार हुंगल्यावर मला एक उल्कालोखंडाचा तुकडा मिळाला. त्याचं चिलखत होतं, आणि ते अंगावर असल्याशिवाय खेळातल्या आमच्या टोळीतला कुणी मला आग ओकणाऱ्या ज्वालासर्पाच्या लढाईला नेत नव्हता. 'शेठ, तुम्ही एका फुंकरीत जळाल,' असं लिहायचे. तुकडा एकच. दुसरा कधी मिळेल याची शाश्वती नाही. चिलखताची कृती मिस्त्रींना येत होती. अक्षर नारिंगी होतं.

"बघू. हात बसू दे आधी," मिस्त्री म्हणाले.

पहिला महिना मी गोडीत बोललो. दुसऱ्या महिन्यात दुप्पट मजुरी देऊ केली. तिसऱ्यात त्यांना समजावलं की मिस्त्री, हे यंत्र आहे, याला हात नसतो, दहातली सहा चिलखतं साधतात, तेवढी जोखीम मी रोज घेतो. ते म्हणाले, तू घेतोस, मी न्हाई घेत. सगळा यार्ड मला शेठ म्हणतो. मिस्त्रींनी मला पोती वाहताना पाहिलेलं, ते शेवटपर्यंत अरेतुरेच करत राहिले. चौथ्या महिन्यात माझा तोल गेला आणि मी टोळीतल्या सगळ्यांना दिसेल असं लिहून टाकलं की या म्हाताऱ्याला चिलखत जमत नाही आणि ते कबूल करायची हिंमतही नाही.  ते ऐरणीवर स्वतःच्या लोखंडावर घण घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खेळातल्या बाजारात एक अनोळखी लोहार गाठला. त्याने लिहिलं, पहले माल दे दो भाई. आमच्या यार्डात बोली ठरली की पोती आधी हलतात, बाकीचं मागून. तीस वर्षं मी तसाच व्यवहार केलाय. त्याच सवयीने मी देवघेवीच्या चौकटीत माझ्या बाजूला तुकडा ठेवला आणि त्याची बाजू रिकामी असताना 'मान्य' दाबलं. दाबल्यावर माझी नजर त्या रिकाम्या बाजूवर गेली. हा माणूस कोण, कुठला, उद्या याला कुठे शोधायचं? यार्डात निदान दुकान तरी समोर असतं.

तेवढ्यात लाईट गेली.

माझ्या इन्व्हर्टरची बॅटरी नेमकी त्याच आठवड्यात बसली होती. दोघांनी दाबल्याशिवाय देवघेव पक्की होत नाही, पण त्याने मान्य दाबलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. शेजारच्या दुकानातही अंधार. मी चप्पल घालून सरळ मागच्या गल्लीत गेलो. आदल्या दिवशी ज्या माणसाला जगासमोर बोल लावले त्याच्याचकडे. तिथेही लाईट नव्हती. मिस्त्री दारात पेटीवर बसले होते. मी सगळं सांगून टाकलं. शिव्या खायच्या तयारीनेच गेलो होतो.

"बस," ते म्हणाले. "लाईट येस्तवर ते लोखंड कुणाचंच न्हाई."

 मग त्यांनी आपणहून सांगितलं. नवीन नवीन असताना, हे वर्कशॉप त्यांच्या उस्तादांचं होतं तेव्हा, उस्तादांच्या माघारी त्यांनी शिराळ्याकडच्या एका माणसाच्या गुऱ्हाळाचा दांडा लेथवर घेतला होता. तसा दांडा त्यांना कुणी आधी करून दाखवला नव्हता, पण आपल्याला येईल असं वाटलं. केसभर जास्त कापला गेला. ऐन हंगामात दांडा तुटला.

"भांडला असेल," मी म्हणालो.

"भांडला असता तर बरं झालं असतं गड्या. त्यो काय बोललाच न्हाई. दोन तुकडं मांडीवर घिऊन हितंच बसला हुता, दिसभर." थोड्या वेळाने म्हणाले, "शिकायचं ते आपल्या मालावर. दुसऱ्याच्या न्हाई."

लाईट आली तेव्हा पाच वाजले होते. मिस्त्रींच्याच कॉम्प्युटरवर माझं नाव टाकून आत शिरलो. प्लॅस्टिकच्या पिशवीवर माझी बोटं घसरत होती, पासवर्ड दोनदा चुकला. थैली उघडली. मीठ, चामडं, दोऱ्या, आणि खालच्या ओळीत काळसर निळा तुकडा. होता. त्या लोहाराचं बोट पोचायच्या आधीच सांगलीची वीज गेली होती. वीजमंडळाला मी आयुष्यभर शिव्या घातल्यात, त्या दिवशी पहिल्यांदा कौतुक वाटलं.  मिस्त्रींनी खिडकीतून ओरडून चहा सांगितला.

"आता तरी घ्या," मी तुकड्याकडे बोट दाखवलं.

"अजून हिरवं हाय," मिस्त्री म्हणाले.

पुढचे दोन महिने मी तोंड बंद ठेवलं. माझ्यापुरतं ते बंदच होतं, यार्डातल्या लोकांचं मत वेगळं असू शकेल. या काळात मी खाणीवर त्यांच्यासोबत जायचो आणि दोघेही मरायचो. मग एका दुपारी त्यांचा फोन आला. फक्त "ये" म्हणाले. गेलो तर अक्षर करडं झालं होतं. त्यांनी हात साबणाने धुतले, पुसले आणि बटण दाबलं. घणाचे सात आवाज झाले आणि चिलखत तयार.  मजुरी विचारली तर म्हणाले, "ह्यात मला काय शिकाय मिळालं न्हाई. कसली मजुरी?" यावर घासाघीस तरी काय करणार? ही माझी दुसरी तक्रार.

त्याच महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलगी त्यांना साताऱ्याला घेऊन गेली आणि तिने परत येऊ दिलं नाही. लेथ विकला गेला. त्या गाळ्यात आता मोबाईलचं दुकान आहे. खेळात त्यांच्या नावापुढचा, माणूस आत असल्याचा हिरवा ठिपका पुन्हा लागला नाही.

ज्वालासर्प आम्ही त्यानंतर मारला. तीनदा त्याची आग माझ्यावर आली आणि तीनदा मी उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याला फोन लावला आणि लढाई पहिल्यापासून सांगायला लागलो. कोण कुठे उभा होता, साप किती मोठा, कुणी पळ काढला. मिस्त्रींनी मधेच तोडलं.

"ते ऱ्हाऊ दे. फुटलं न्हाई न्हवं?"

"न्हाई मिस्त्री. चरासुद्धा न्हाई."

 मग फोन बाजूला धरून ते मुलीला सांगताना ऐकू आले, "न्हाई फुटलं गं." आणि तिने काही विचारायच्या आत, पुन्हा एकदा, हळू, "न्हाई फुटलं."