धाकटीची पावडर

थोरलीने धाकट्या जावेला प्रयोगशाळेत चिकटवलं, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हा तिने स्वतः तिथल्या मुख्य मॅडमना सांगितलं होतं, "पोरगी हुशार आहे, घेऊन तर बघा." आपल्याच पायावर इतक्या गोड शब्दांत कुणी धोंडा मारून घेतला नसेल.

तिथे एकच काम चाले. औषधाचे रेणू द्रावणात घालायचे, त्यांच्याभोवती प्लास्टिक घट्ट होऊ द्यायचं, ते दळून पावडर करायची आणि धुऊन धुऊन रेणू बाहेर काढायचे. कणकेत बोट खुपसून काढलं की खळगा राहतो, तसे रेणूच्या मापाचे खळगे मागे राहतात. पुढे सांडपाण्यातलं नेमकं तेच औषध ती पावडर धरून ठेवते. पण सगळे खळगे सारखे नसतात. काही घट्ट धरणारे, काही नावापुरते. ते किती सारखे आहेत याचा आकडा काढायचा. एक आला तर सगळे हुबेहूब. थोरलीचा आकडा चौदा वर्षं पॉइंट सहाच्या आसपास होता आणि तोच उत्तम मानला जाई. वासरांत लंगडी गाय शहाणी, पण हे तिला सांगणार कोण?

मग धाकटीने प्लास्टिक नेहमीसारखं तापवून नव्हे, तर थंड ठेवून अतिनील दिव्याखाली घट्ट करून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "दोघींच्या मोजू या. जिचा आकडा वरचा, पावडर बनवायचं टेबल तिचं. दुसरी मोजायचं काम करेल."

 घरी सासूबाई उठता-बसता धाकटीचं कौतुक करायच्या. थोरलीचा नवरासुद्धा एकदा म्हणाला होता, "तिचं कसं सगळं पटापट असतं!" हे एक टेबल तेवढं थोरलीचं एकटीचं होतं. ती जळत होती, आणि स्वतःशी ते कबूलही करत होती.

आपली पावडर आपण मोजायची नाही, असा तिथला नियम. त्यामुळे धाकटीची पावडर थोरलीकडे आली आणि थोरलीची धाकटीकडे. थोरलीने बारा बाटल्यांत पावडर घातली, अगदी पातळपासून दाटपर्यंत औषध ओतलं, दिवसभर हलवलं, गाळलं आणि पाण्यात किती उरलं ते पाहिलं. आकडा आला पॉइंट पाच आठ. तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. जेवणाच्या सुट्टीत तिने धाकटीला आपल्या डब्यातलं वाढलंसुद्धा.

दुपारी तिची नजर धुण्याच्या नोंदीवर गेली. मोजण्याआधी पावडर धुवायची, ती शेवटच्या पाण्यात औषधाचा अंशही सापडेनासा होईपर्यंत. तिने सहा धुणी केली होती आणि सहावं पाणी तपासलंच नव्हतं. आत उरलेलं औषध पातळ द्रावणाच्या बाटल्यांत सुटतं आणि आकडा पाडतं, हे धाकटीला तिनेच शिकवलं होतं. घाई झाली होती की हात मुद्दाम आखडला होता, हे तिचं तिलाच सांगता येईना. कळणार मात्र कुणालाच नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दोन दिवस ती स्वतःशीच भांडली. तिसऱ्या दिवशी चरफडत तिने अकरा धुणी केली. पॉइंट नऊ एक. पुन्हा केलं, पॉइंट नऊ दोन. आता तरी उतरेल म्हणून तिसऱ्यांदा केलं. पॉइंट नऊ एक.

चुकलेल्या आकड्यासकट सगळं लिहून ती मॅडमच्या खोलीकडे गेली. दाराशी धाकटी उभी होती. डोळे लाल, हातात कागदांचा गठ्ठा.

"काय झालं गं?"

"ताई, तुमचा पॉइंट सहा दोन येतोय. मी सहा वेळा मोजली."

"सहा वेळा? एकदा मोजून कळलं नाही तुला?"

"वाटलं, माझाच हात चुकतोय. तुमची पावडर आहे, आकडा वर जाईलच."

धाकटी खोटं बोलत असती तर किती बरं झालं असतं! पण तिला खोटं बोलता येत नाही, हे घरातलं शेंबडं पोरही सांगेल. टेबल गेलं, याची तयारी थोरलीने मनाशी केली होती. पण आपण आकडा उतरावा म्हणून मोजत बसलो आणि ही चढावा म्हणून. म्हणजे यातही हीच पुढे!

"रडतेस काय," ती खेकसली, "जा, टेबल पुसून घे. आजपासून तुझं आहे."

आणि चौदा वर्षांत कुणावर जळली नसेल इतकी ती त्या क्षणी धाकटीवर जळली.