दार उघडलं की लिफ्ट आलीच

माझ्या धाकट्या भावाला सगळे 'वरचा' म्हणायचे. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि तोंडात सदा एकच पालुपद, "ताई, मला वर जायचंय." मी शिलाई मशीनवरून डोळे वटारायचे. "असलं बोलू नये. पुढे जायचंय म्हण." तो हसायचा. "पुढे काय, पायीसुद्धा जाता येतं!"

हातात कसब होतं, ते नाकारणार नाही. आईला लिफ्टची भीती वाटायची, तीही त्यानंच घालवली. "आई, हे दार फार हट्टी असतं. लिफ्ट समोर आल्याशिवाय कितीही ओढ, उघडायचं नाही. दार उघडलं की लिफ्ट आलीच समज आणि बिनधास्त पाऊल टाक." आईला मोतीबिंदूमुळे सगळं धूसर दिसायचं. तिनं ते वाक्य मनात पक्कं धरलं.

दुरुस्ती करताना तो दाराच्या कुलपाला लाल तारेचा एक तुकडा जोडायचा. मग दार उघडं असलं तरी लिफ्टला ते बंदच वाटायचं आणि ती चालवून बघता यायची. काम झालं की तार काढून शर्टाच्या डाव्या खिशात. तो खिसा मीच मुद्दाम शिवून द्यायचे. नियम त्याचाच होता: खिसा रिकामा असेल तर इमारत सोडायची नाही. हाताखालच्या माणसांना यावरून तो फाडून खायचा.

मग एका मालकानं गाजर दाखवलं. शहरभर इमारती असलेला माणूस. "या महिन्यात माझ्या मोठ्या इमारतीतली लिफ्ट एकदाही बंद दिसली नाही, तर सगळ्या इमारतींचं काम तुला. सर्वांत वरच्या मजल्यावर ऑफिसही देतो." झालं, भावाच्या डोक्यात हवा गेली. त्याला वरून खाली बघायचं होतं, बाकी काही नाही.

महिना सरत आला आणि चौथ्या मजल्याच्या दाराचं कुलूप झिजून निकामी झालं; लिफ्ट नसली तरी दार उघडायला लागलं. नवीन यायला वेळ लागणार होता. तोवर लिफ्ट बंद ठेवून पाटी लावायची, एवढंच करायचं होतं.

त्या संध्याकाळी त्याच्या शर्टाला बटण लावताना माझा हात खिशात गेला. खिसा रिकामा होता.

"तार कुठंय?"

"असेल कुठंतरी."

"अरे, दार उघडलं आणि लिफ्ट नसली तर?"

"चौथ्यावर डोळ्यांच्या डॉक्टरशिवाय कुणी नाही गं. आणि लोक काय आंधळे आहेत?"

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण येतं, मूर्खा?"

त्यानं शर्ट माझ्या हातातून ओढून घेतला. मग म्हणाला, "उद्या काढतो."

त्यानंतर फोन वाजला की मी हातातली कात्री टाकून धावायचे. रस्त्यावर रुग्णवाहिकेचा आवाज आला की मी मशीन थांबवून ऐकत बसायचे. रोज त्याचा खिसा चाचपायचे. शेवटी एकदा लाल तार हाताला लागली.

"काढलीस?"

"दिसत नाही का?"

त्या रात्री मला गाढ झोप लागली.

ऑफिसची किल्ली मिळाली त्याच दिवशी आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं. आम्ही तिघं लिफ्टनंच चौथ्यावर गेलो. तपासणीत आईच्या डोळ्यांत औषध घातलं, त्यामुळे तिला होतं नव्हतं तेही दिसेना. मी गोळ्या घ्यायला काउंटरशी थांबले. भावाला मालकाचा फोन आला. त्यानं घाईघाईनं खिशातून मोबाइल ओढला, त्याबरोबर तार खाली पडली. त्याचं लक्षच नव्हतं. एका हातानं फोन कानाला लावून दुसऱ्यानं आईला धरलं. "चल आई, वर जाऊ. ऑफिस दाखवतो."

मी तार उचलली. त्याच्या जुन्या तारेचा रंग विटला होता, टोकं दातांनी सोलून सोलून चपटी झाली होती. ही कोरी करकरीत होती. म्हणजे जुनी अजून कुलपातच होती. ही नुसती माझं तोंड बंद करायला ठेवलेली.

तशीच धावले. पॅसेजच्या टोकाला तो पाठ करून बोलत होता, "साहेब, आपली लिफ्ट कधी थांबत नाही..." बोलण्याच्या नादात आईचा हात त्यानं सोडला होता. ती भिंत चाचपत दारापाशी पोचली होती. तिनं मूठ धरून ओढली. दार उघडलं, जराही हट्ट न करता. आई हसली. तिनं बिनधास्त पाऊल टाकलं.

"आई!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

पोलिसांपुढे मालकानं हात झटकले. भावानं नाही झटकले. "तार मीच जोडली. नियमही माझाच होता," एवढंच म्हणाला आणि शिक्षा भोगून आला. आता आम्ही तळमजल्यावर राहतो. तो माझ्या गिऱ्हाइकांच्या शर्टांना काजं करतो. मी डावा खिसा शिवायला घेतला की उठून बाहेर जातो. मला त्याचा राग येतो, अजूनही येतो, आणि त्याला जेवायलाही मीच वाढते.

परवा शेजारच्या काकू त्याची समजूत घालायला बसल्या. "किती मनाला लावून घेशील? वर गेली तुझी आई, सुटली बिचारी."

त्याची सुई थांबली.

"वर नाही हो काकू," तो म्हणाला. "खाली गेली. मी पाठवली."