मक्कूची खुर्ची

जानकी गेली हे मला विद्याकडून कळलं. खरं सांगते, पहिल्या क्षणी रडू आलं नाही, राग आला. विद्याला आधी का कळावं? चेन्नईत वेलचेरी स्टेशनबाहेर शेअर ऑटोत मी अंग चोरून बसले होते, शेजारच्या बाईच्या पिशवीतल्या शेवग्याच्या शेंगा माझ्या कोपराला टोचत होत्या, आणि विद्या फोनवर सांगत होती की मंगळवारी जानकीला चक्कर आली, मेंदूत रक्तस्राव झाला होता, आणि आज पहाटे... "अम्मांनी मला मंगळवारीच फोन केला होता गं, मला वाटलं तुलाही केला असेल," ती म्हणाली. अम्मा म्हणजे जानकीची आई. मला कुणीच केला नव्हता. महिना होऊन गेला त्याला, तरी ते वाक्य अजून टोचतं आहे. मैत्रीण गेल्याचं दुःख आणि आपल्याला सगळ्यांत शेवटी कळल्याचं दुःख ही दोन एका वेळी येऊ नयेत. आली तर पहिल्याला नीट बसायला जागाच मिळत नाही.

जानकी भेटली ती इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत. मी सांगलीहून नोकरीसाठी नुकतीच आले होते, पेरुंगुडीच्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहीत होते. ती तंजावरच्या मराठी घराण्यातली, चेन्नईतच वाढलेली, मुलींच्या कॉलेजात कॉमर्स शिकवायची. माझी बडबड थोडा वेळ ऐकून म्हणाली, "तुझी मराठी कळते, पण फार पळते की." मी विचारलं, मग तुझी कुठली? "आम्ची राजांसंगं आली. आली तशीच राहिली. तुम्चीच मागून बदलली." असं म्हणून माझ्या पानातला लाडू तिने उचलला. त्या दिवसापासून आमचं जमलं.

सुट्टीच्या दिवशी मी तेव्हा काही मित्रांबरोबर हिशेबाचं एक सॉफ्टवेअर करत होते. छोट्या कारखान्यांसाठी, दुकानांसाठी. ओपन सोर्स, म्हणजे कुणीही फुकट घ्यावं, आत डोकावून पाहावं, हवं तसं बदलावं. एकेक मित्र लग्नाला आणि अमेरिकेला लागला आणि शेवटी ते गळ्यात उरलं माझ्या एकटीच्या. मी ते मोठ्या अभिमानाने जानकीला दाखवलं. तिने सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "बरं आहे. पण वापरायचं कसं, ते कोण सांगणार?" मी म्हटलं, त्यात काय सांगायचंय, समोर दिसतंच आहे. "कुणाला?" ती म्हणाली. त्या एका शब्दावर ती माझ्या कामात आली आणि मॅन्युअल लिहायला बसली, आधी कच्चं मराठीत, मग इंग्रजीत आणि तामिळमध्ये.

तिची लिहिण्याची पद्धत मी आजवर दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही. वेलचेरीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, पुढच्या खोलीत, कॉम्प्युटरसमोर एक वेताची खुर्ची होती, तिच्यावर अम्मांच्या जुन्या साडीची उशी. तामिळमध्ये मठ्ठ माणसाला मक्कू म्हणतात, म्हणून ती मक्कूची खुर्ची. शनिवारी मी तिथे बसायचे आणि शेजारी उंच पाठीच्या लाकडी खुर्चीत बसून जानकी नवं पान मोठ्याने वाचायची. नियम दोनच. वाचलं तेवढंच करायचं, आणि तिच्या तोंडाकडे बघायचं नाही. प्रोग्रॅमच्या पोटातलं मला ठाऊक होतं, पण स्क्रीनवर दिसणारे पडदे सगळे अमेरिकेला गेलेल्या एका मित्राने बनवलेले, आणि दिवसभराची बिलं माणूस कशी चढवतो हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. "तारीख टाका," ती वाचायची, आणि मी जुन्या बिलाला आजची तारीख द्यायचे. "खात्याचं नाव लिहा," आणि मी सरळ माझंच नाव लिहिलं! जानकी इतकी हसली की अम्मा स्वयंपाकघरातून पळत आल्या. मी ओशाळले, तर म्हणाली, "चूक तुझी नव्हे. वाक्याची." आणि लगेच वाक्य खोडलं. माझ्यावर ती कधी चिडली नाही, वाक्यांवर मात्र भयंकर चिडायची. 'इथे आपलं स्वतःचं नाव लिहू नये' अशी सूचना त्या पानावर अजून आहे. वाचणाऱ्याला वाटत असेल, असं कोण करील? मी करीन. ती सूचना मीच आहे.

असे दीड-दोन वर्षं शनिवार गेले. मग एकदा तिने वाचता वाचता मध्येच थांबून कागद मिटला. "मृदू, तुझे हात माझ्या आधी पळतात. तू मक्कू राहिली नाहीस." मला आधी ते कौतुकच वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "ऊठ. विद्याला बसव."

विद्या माझी तेव्हाची रूममेट, सोलापूरची, गाड्यांच्या कंपनीत कामाला. अम्मांच्या हातचं वत्तकुळंबू, म्हणजे चिंचेचं आंबट-तिखट कालवण, खाऊ घालायला मीच तिला त्या घरी घेऊन गेले होते. हिशेबातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, आणि तेच जानकीला हवं होतं. मी दिवाणावर कॉफीचा टंबलर घेऊन बसले आणि माझ्या खुर्चीत बसून विद्या जमेची रक्कम नावेच्या बाजूला लिहिताना पाहत राहिले. जानकी हसली... अगदी तशीच, अम्मा पळत येतील अशी. त्या हसण्यावर माझा हक्क आहे असं मी धरून चालले होते. पुढच्या शनिवारी मी लवकर जाऊन खुर्ची पकडली आणि मुद्दाम चुका करत सुटले. दोन मिनिटं तिने चालू दिलं. मग म्हणाली, "खोटं मक्कूपण नक्को. खऱ्याला एवढं सुचत नाही." विद्या खी खी करून हसली. तो आवाज मी विसरलेले नाही.

बरं, हेवा काय एकट्या विद्याचाच होता? गिंडीच्या एका लेथवाल्याने आमचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा वापरायला घेतलं. आम्ही पाहायला गेलो, तर कॉम्प्युटरवर ऑइलचे हात आणि शेजारी खिळ्याला दोऱ्याने टांगलेलं जानकीचं छापील मॅन्युअल, पानं उलटून उलटून मऊ पडलेली. मी विचारलं, सॉफ्टवेअर कसं वाटतं? "सॉफ्टवेअर सरी, मॅडम," तो मान डोलावत म्हणाला, "पुस्तकम सूपर!" सरी म्हणजे ठीक, चालतंय. येणारी पत्रंही तशीच. इतकी वर्षं मी लिहिलेल्या कोडबद्दल अवाक्षर नाही, आणि हिच्या वाक्यांना नमस्कार. परतताना जानकी मला चिडवत राहिली आणि मी बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला माझ्या कोडचं कौतुक नकोच होतं. मला शनिवारी कुणीतरी "बस इथं" म्हणायला हवं होतं. पण ते तिला सांगणार कसं? वयाच्या तिसाव्या वर्षी खुर्चीसाठी रुसायचं का? हळूहळू मी शनिवारी जाणं कमी केलं. कामं होतीच. विद्या आणि मी तोवर वेगळ्या राहायला लागलो होतो, ती जात असेल असं धरून चालले आणि मनातल्या मनात तिच्यावर जळत राहिले.

तेराव्याला गेले तेव्हा विद्या जिन्यातच भेटली. मी म्हटलं, "तू निदान शेवटपर्यंत तिच्या शेजारी होतीस." ती माझ्याकडे पाहतच राहिली. "मी? मला केव्हाच उठवलं गं. 'तू शहाणी झालीस' म्हणाली. मग मला वाटलं, तू परत बसत असशील." आम्ही दोघी एकमेकींवर जळत बसलो होतो, आणि खुर्चीत तिसरंच कुणी होतं. अम्मा! कॉम्प्युटरला आयुष्यात हात न लावलेल्या अम्मा. "मी नंबर एक मक्कू," त्या रडता रडता सांगत होत्या, "तीच म्हणायची." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुला फोन कसा करणार मी? मोबाइल तिच्यापाशी. घरातल्या फोनवरती विद्याचा नंबर लिहिलेला आहे. तुझा तिला पाठ. म्हणून लिहिलाच नाही कुठं." विद्याचा चेहरा पडलेला मी पाहिला. आणि मला बरं वाटलं... मैत्रीण गेली आहे, तिची आई समोर रडते आहे, आणि मला बरं वाटतं आहे. असं हे माझं मन.

गेल्या शनिवारी अम्मांचा फोन आला. "शनिवार आहे की. का येत नाही तुम्ही?" आम्ही दोघी गेलो. आत शिरताच दोघींचीही नजर त्या वेताच्या खुर्चीवर गेली, हे दोघींनाही कळलं. अम्मा सरळ तिच्यात जाऊन बसल्या. लाकडी खुर्चीकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "मृदू, तू तिथं बस. वाच." जानकीच्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते. मला ती कधी हवीच नव्हती.

चुकलेलं बिल रद्द कसं करायचं, हे तिचं शेवटचं पान होतं. मी वाचत गेले. अम्मांचं बोट एकेक अक्षर शोधत गेलं, वाचलं तेवढंच करत गेलं. मग मी वाचलं, "आता पडद्याच्या खालच्या बाजूला..." आणि थांबले, कारण पान तिथेच थांबलं होतं. खालच्या बाजूला काय आहे ते मला माहीत होतं. विद्यालाही माहीत होतं, तिचा हात मांडीवरून अर्धा उचललाही गेला होता. अम्मांचं बोट तसंच अधांतरी होतं. त्यांनी आमच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

"पुढं?"

"पुढे लिहिलेलं नाही, अम्मा."

"सरी," त्या म्हणाल्या. "मग मी थांबते."

आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या थांबल्या. माझं मन केव्हाच ते बटण दाबून पुढे गेलं होतं, विद्याचंही गेलं होतं. जानकी जिथे थांबली तिथे त्या घरात एकट्या अम्मा होत्या. विद्याचा मी इतकी वर्षं हेवा केला, तो आता अम्मांचा वाटला त्याच्यापुढे काहीच नव्हता.