तोंडाची तपासणी

इंद्रपुरीच्या क्वार्टरमधल्या मुलीने घोड्यांच्या नादी लागावं, हे कारखान्यात फोरमन असलेल्या माझ्या वडिलांना कधी पटलं नाही. मी मात्र नोकरीवर जाण्याआधी रोज सकाळी शहराबाहेरच्या एका तबेल्यावर जायची. तिथे घोडे तयार करायला एक काका होते. मूळचे नागपूरचे, घोडेस्वार पोलिसातून निवृत्त झालेले, नेहरू नगरात एकटे राहणारे. लगाम हातात धरून घोड्याला चालवायचं कसं, ते मी त्यांच्याकडून शिकले.

एका हिवाळ्यात मारवाडी जातीच्या घोड्यांचं प्रदर्शन होतं. पैदाशीला कोणती घोडी चांगली, हे तिथे पंच ठरवतात. काकांनी मला नियम पाठच करायला लावले होते. घोडी चारी पायांवर सरळ उभी राहिली पाहिजे. दुडकी चाल दाखवताना लगाम ओढायचा नाही. चाबूक तर नाहीच. आणि तोंडात जखम असली, तर ती आपणच आधी सांगायची आणि घोडी मागे घ्यायची.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी सरावात ट्रॅक्टरच्या आवाजाने आमची तांबूस घोडी बिथरली आणि मी घाबरून लगामाला हिसडा दिला. सकाळी बघते तर ओठाच्या कोपऱ्यात आतून चीर पडलेली.

"तोंड पाह्यलं ना पोरी?" काकांनी विचारलं.

"हो काका. सगळं ठीक आहे."

वर्षभर त्या एका दिवसासाठी राबले होते. चिरेवर बोटभर तूप लावलं आणि तिला मैदानात नेलं. पहिल्या तपासणीत कुणाच्या लक्षात आलं नाही. घोडी सुंदर चालली. लोक वाहवा करत होते. दुसरी फेरी संपता संपता तिने मान झटकली आणि माझ्या पांढऱ्या बाहीवर गुलाबी फेस उडाला.

पंचांनी तिचा ओठ उचलला. "ही चीर आजची नाही. सकाळी कुणी तपासली?"

मी बाहीवरचा फेस पुसू लागले. कठड्याजवळून काका पुढे आले. "मी. माझी नजर चुकली."

घोडी बाद झाली. तबेल्याच्या मालकाने सगळ्यांसमोर काकांना सुनावलं आणि महिन्याभरात त्यांच्या जागी दुसरा माणूस ठेवला. मी गप्प राहिले. काका वाटेत भेटले की तब्येत विचारायची, पुढे सरकायची. अशी सहा वर्षं गेली.

मागच्या दिवाळीत फराळ घेऊन त्यांच्या घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. चकलीचा तुकडा ताटलीत ठेवला.

"पंचांपुढं तिच्याजवळ आलो, मले तवाच कळलं होतं. तुपाचा वास येत होता."

"काका, माझ्यामुळे तुमचं नाव गेलं."

"माझं सोड." ते पहिल्यांदाच कडक आवाजात बोलले. "तसल्या तोंडानं दोन फेऱ्या मारल्या न तिनं? तू सांगितलं तशी चालली न?"

त्यांच्या नावाचं ओझं मी सहा वर्षं वाहिलं होतं. घोडीला काय दुखलं असेल, हे मात्र एकदाही मनात आलं नव्हतं.

ती कुठे आहे म्हणून नंतर चौकशी केली. राजस्थानात कुणाकडे तरी गेली, एवढंच कळलं.