दारावरची गुबगुबीत अक्षरं

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही अठरा वर्षं काढली. दारावर यांच्या नावाची आणि हुद्द्याची काळी पाटी. बढती झाली की पाटी बदलायची. माझ्याकडे येणाऱ्या बायकासुद्धा यांचं नाव वाचूनच बेल वाजवायच्या. मला त्याचं कधी काही वाटलं नाही असं म्हटलं, तर ते साफ खोटं होईल.

मी नर्सरीत शिकवायचे. नव्वदीनंतर शाळेत कॉम्प्युटर आला आणि त्यात इंग्रजीचा एक मजेदार फॉन्ट सापडला. गुबगुबीत, गाल फुगवलेली अक्षरं, कार्टूनच्या पुस्तकात असतात तशी. मी प्रिंट काढून ती सगळीकडे लावली. डब्यांच्या कपाटावर, बाथरूमच्या दारावर, वाढदिवसाच्या टोप्यांवर. वाचता न येणारी मुलंही त्यांच्यावरून बोटं फिरवायची. हिंदीच्या तक्त्यांसाठी मात्र तसं काही मिळेना. मग मीच देवनागरी अक्षरं तशी काढायला शिकले. माझ्या 'क'चं पोट चांगलंच सुटलेलं असायचं.

पुढे गाझियाबादला नव्या सोसायटीत आम्ही फ्लॅट घेतला. कागदावर दोघांची नावं. सोसायटीने सगळ्यांना एकसारख्या पितळी पाट्या वाटल्या, आणि आमच्या पाटीवर पुन्हा हेच एकटे! मी ती ड्रॉवरमध्ये टाकली. सुताराकडून प्लायवूडची जाडजूड अक्षरं कापून घेतली, केशरी रंगवली आणि माझं नाव दाराच्या मधोमध ठोकलं. त्याखाली, तेवढ्याच जाडीचं, यांचं.

"अगं, जरा गंभीर अक्षरांत नाही का करता येणार?" हे म्हणाले.

"गंभीर अक्षरांत अठरा वर्षं तुमचंच नाव होतं की!"

हे कसंनुसं हसले आणि पेपरात डोकं खुपसून बसले.

तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले. दार मी उघडलं, पण ते मला डावलून यांच्याशीच बोलू लागले. "भाईसाहब, ये घर है या प्ले स्कूल? पूरी लॉबी का लुक खराब हो रहा है. जरा भाभीजी को समझाइए."

माझं डोकंच फिरलं. "भाभीजी यहीं खड़ी हैं. मुझे समझाइए."

यांनी पेपर खाली ठेवला. आता हे नेहमीसारखं 'देखते हैं' म्हणून मिटवून टाकणार, अशी माझी खात्री होती. पाटी गेली असं मी धरूनच चालले.

"बिल्कुल," हे म्हणाले, "आप इन्हीं से बात कीजिए."

नोटीस येईल, एवढं बजावून सेक्रेटरी गेले.

नोटीस आली. सात दिवसांत पाटी काढा. पण लिफाफ्यावर नाव माझं होतं, फक्त माझं. घरच्या पत्त्यावर माझ्या नावाने आलेलं ते पहिलंच टाइप केलेलं पत्र, आणि तेही मला दटावणारं. मी ते दोनदा वाचलं, मग यांना मोठ्याने वाचून दाखवलं. लाज वाटायला हवी होती, पण मला नुसता आनंद होत होता.

त्याच कागदावर खाली 'नेमप्लेट नहीं हटेगी' असं लिहून मी सही ठोकली आणि तो खाली सोसायटीच्या ऑफिसात नेऊन दिला. सेक्रेटरींनी तो न बघताच फाइलमध्ये सरकवला. मी जागची हलले नाही.

"पावती दीजिए," मी म्हटलं, "मेरे नाम से."